निजवलेला विस्तव

ग्लासगो
११ ऑक्टोबर २०२१

प्रिय मर्डिनाताई,

सोबतच्या खोक्यात बशीएवढं एक पांढरं यंत्र आहे. ते फेकून देऊ नकोस. घरात कार्बन मोनॉक्साइड साठला की ते ओरडतं. येत्या एक फेब्रुवारीपासून स्कॉटलंडमधल्या ज्या ज्या घरात गॅस, कोळसा, लाकूड किंवा आपलं दलदलीतून कापून सुकवलेलं पीट जळतं, त्या प्रत्येक घरात ते हवंच, असा कायदा झालाय. आजवर नव्या बांधकामांनाच सक्ती होती, आता जुन्या घरांनाही झाली. धुराचे भोंगेही लावावे लागतील, पण ते नंतर बघू. हे मात्र आजच लाव. चुलीपासून दोनेक मीटरवर, उघड्या फळीवर ठेव. कपाटात नको, उशीखाली नको आणि कुत्र्याच्या टोपलीत तर मुळीच नको. मी तुला ओळखतो.

चाळीस वर्षं लोकांच्या घरात शेगड्या आणि बॉयलर बसवण्यात गेली माझी. त्यामुळे या बाबतीत तरी धाकट्या भावाचं ऐकायला हरकत नाही.

इशबेल म्हणत होती, "बाबा, पत्रं कसली लिहिता, आत्याला सरळ फोन लावा." मी म्हटलं, फोनवर तुझ्या आत्याला 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही, आणि स्वतःचं बोलून झालं की ती ठेवून देते. पत्र निदान शेवटपर्यंत वाचते.

खोकं बांधताना तू विणलेलं स्वेटर अंगात होतं. दोनदा धुतलं, तरी त्याला आपल्या घरच्या पीटचा वास आहे. बाही नाकाशी धरून चार मिनिटं तसाच बसलो होतो. चौऱ्याहत्तरीत माणूस असा होतो बघ.

बिस्किटं तुझ्यासाठी आहेत.

तुझा,
टॉर्मोड


नॉक ग्लास, लुइस बेट
२७ ऑक्टोबर २०२१

टॉर्मोडा,

खोकं मिळालं. बिस्किटं चांगली होती. यंत्राबद्दल तसं म्हणवत नाही.

सांगितलंस तसं फळीवर आईच्या घड्याळाशेजारी ठेवलं. पहिला दिवस निमूट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीची राख उकरत होते, तर मेलं असं किंचाळलं की कुत्रा पलंगाखाली घुसला आणि माझ्या हातातला चिमटा पडला. उचलून दाराबाहेर नेलं, तर गप्प. आत आणलं, तर थोड्या वेळाने पुन्हा बोंब. तिसऱ्या दिवशी तेच. म्हणजे त्याला आपली चूलच सोसत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली! शेवटी पंच्यात गुंडाळून कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलंय. तिथे अगदी शहाण्यासारखं वागतं.

खालच्या अंगाला शेजारच्या इयनने नवं घर बांधलं, त्यात अशी तीन यंत्रं आहेत म्हणे. नव्या घराला लावा हवी तेवढी, त्याला काय कळतंय. पण आपल्या चुलीला कायदा शिकवायचा म्हणजे कमाल झाली. आपला विस्तव कधी विझलेला नाही, हे तरी तुला आठवतं ना? जुन्या गवताच्या छपराच्या घरात तो आजीच्या आजीपासून होता. रोज रात्री राखेखाली निजवायचा आणि सकाळी फुंकर घालून उठवायचा. पंचावन्न साली या नव्या घरात आलो, तेव्हा आईने निखारे बिडाच्या भांड्यात घालून माळावरून आणले. मागे मी, माझ्यामागे तू घडवंची ओढत, आणि सगळ्यांत मागे आपली धाकटी शोनाग हातात रिकामी किटली घेऊन. किटली वाजवत होती सारखी. आई म्हणाली, "अगं, लग्नाची वरात आहे का?" तर म्हणाली, "हो, चुलीचं लग्न आहे."

माझी तब्येत उत्तम. नव्या खिडक्या तर झकास आहेत! वसंतात सरकारी मदतीतून दुहेरी काचा बसवून घेतल्या. अंगणात वारा पिसाटतो आणि आत मेणबत्तीची ज्योत हलत नाही. आईला हे सुख मिळायला हवं होतं.

आता खरं सांग, इशबेलच्या मनात काय आहे? आधी यंत्र, मग यंत्र बघायला माणूस, मग "आत्या, एकटी कशी राहणार", आणि मग तुमच्या तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली. फिन्ले लग्न करून कॅनडाला चल म्हणून हात जोडत होता तेव्हा मी हलले नाही. आता एका बशीच्या ओरडण्याने हलेन होय?

मर्डिना


ग्लासगो
४ नोव्हेंबर २०२१

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

यंत्राला चूल सोसत नाही असं नाही. ते त्याचं काम करत होतं. दाराशी गप्प आणि चुलीपाशी बोंब, याचा अर्थ घरात तो वायू साठतोय. त्याला वास नसतो, रंग नसतो. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, हा काहीच कळू देत नाही.

माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं लगेच लिही. विस्तव निजवल्यावर धुराड्याची झडप बंद करतेस का? सकाळी डोकं दुखतं का? मळमळतं का?

तुला इथे आणायचा कुणाचाही डाव नाही. इशबेलला स्वतःचीच मुलं पुरेनाशी झालीत. राग माझ्यावर काढ, पण उत्तर लिही. आणि तोवर रात्री खिडकी चार बोटं उघडी ठेव. नव्या काचांचा अपमान होत नाही त्याने.

टॉर्मोड


नॉक ग्लास
१९ नोव्हेंबर २०२१

टॉर्मोडा,

हे पत्र आहे की पोलिसाची जबानी?

झडप बंद करते का म्हणून विचारतोस? अर्थातच करते. उघडी ठेवली तर निखारा सकाळपर्यंत जळून नाही का जाणार? आईने असंच शिकवलं. शनिवारी रात्री तर घट्टच लावते, कारण रविवारी प्रभूच्या दिवशी चुलीची कामं करायची नसतात. शनिवारचा विस्तव सोमवारपर्यंत धुमसत राहिला पाहिजे. शहरात जाऊन हेही विसरलास वाटतं.

डोकं दुखतं, हो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं डोकं आहे, दुखेल नाही तर काय. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. तरी सकाळी उठलं की जड वाटतं, आणि रविवारी सगळ्यांत जास्त. पण खरी गंमत तर पुढेच आहे. चर्चमध्ये जाऊन बसले की दुसऱ्या स्तोत्रापर्यंत डोकं पिसासारखं हलकं होतं. मळमळ नाही, काही नाही. प्रवचन दीड तासाचं असतं, तेही सुखाने ऐकते. पाद्रीबाबांना सांगितलं, तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मर्डिना, ही कृपा आहे." घरी येऊन जेवले की संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे देवाच्या घरी बरं वाटतं आणि स्वतःच्या घरी नाही. याला तुझं यंत्र काय करणार?

खिडकी उघडी ठेवत नाही. थंडी तुझ्या ग्लासगोत आहे का? कुत्रा म्हातारा झाला. हल्ली चुलीपाशी येतच नाही, दाराच्या फटीला नाक लावून झोपतो.

गेल्या आठवड्यात खारवलेल्या हेरिंग मासळीचा पहिला डबा उघडला. बटाटे उकडले आणि हाताने खाल्ले. तू समोर असतास तर डोक्याचा भाग तुझा होता.

मर्डिना


ग्लासगो
२५ नोव्हेंबर २०२१

ताई,

हे पत्र टाकायच्या आधी मी इयनला फोन केला आहे. हे तुला मिळेल तोवर तो येऊन गेला असेल, खुराड्यातलं यंत्र आणून फळीवर ठेवलं असेल आणि सगळ्या खिडक्या उघडल्या असतील. पुन्हा आला की त्याला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण घरात घे. तो सांगेपर्यंत झडप लावू नकोस.

आता जे लिहितोय ते मी सत्तावन्न वर्षं लिहिलेलं नाही. बसून वाच.

नव्या घरातला आपला पहिला हिवाळा, जानेवारी छप्पन. बाबा बोटीवर होते. आई शनिवारी दुपारी मामीच्या बाळंतपणाला पलीकडच्या गावी गेली आणि जाताना तुला म्हणाली, "आज विस्तव तू निजव." तू बारा वर्षांची होतीस. केवढी ऐट होती तुला त्या कामाची! शोनाग आणि मी चुलीजवळच्या पेटीपलंगात होतो, तू वरच्या खोलीत. पहाटे मला मळमळून आलं. डोकं घणासारखं ठणकत होतं. मी रांगत दारापर्यंत गेलो, दार उघडलं, उंबऱ्यावर ओकलो आणि तिथेच पडून राहिलो. तू खाली आलीस तेव्हा मी थंडीने निळा पडलो होतो, आणि शोनाग पलंगात होती. गाल लाल, ओठ लाल. तू म्हणालीस, "बघ, किती छान झोपली आहे."

डॉक्टरने हृदय लिहिलं. पाच वर्षांच्या मुलीचं हृदय! सगळ्यांनी मान डोलावली.

चौसष्ट साली मी शिकाऊ होतो. वर्गात मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: डोकेदुखी, मळमळ, आणि मेलेल्या माणसाचे गाल लाल. मी उठून संडासात गेलो आणि तोंडात टोपी कोंबून रडलो.

जुन्या घरात आई जन्मभर तसाच विस्तव निजवायची. तिथे झडपच नव्हती, गवताच्या छपरातून सगळं बाहेर जायचं. नव्या घराला लोखंडी चूल आली, झडप आली, फळ्यांचं अस्तर आलं, रंगाने चिकटलेल्या खिडक्या आल्या. घर बदललं आणि रीत तीच राहिली. पुढे दोन हिवाळ्यांत लाकूड आक्रसलं, फटी पडल्या. त्या फटींनी तुम्हाला साठ वर्षं वाचवलं, ताई. आणि गेल्या वसंतात तू त्या बुजवल्यास.

तुला सांगितलं नाही, कारण झडप तुझ्या हाताने लागली होती. तुझा त्यात काडीचा दोष नव्हता. आईने शिकवलं तेच तू केलंस. पण हे कळलं तर तू कधी उभी राहणार नाहीस, असं मला वाटलं. माझं म्हणशील तर, मी दारापर्यंत गेलो तेव्हा तिला हाक मारली नाही. तेवढं माझ्या वाट्याचं आहे.

रागावलीस तरी चालेल. जगत राहा.

टॉर्मोड


ग्लासगो
२० डिसेंबर २०२१

ताई,

इयन म्हणतो, तू दार उघडलंस, त्याला यंत्र ठेवू दिलंस, खिडक्या उघडू दिल्यास आणि एक शब्द बोलली नाहीस. धुराडं साफ करणारा येऊन गेला, तेव्हाही नाही. इयनची बायको सूप घेऊन आली, तर भांडं धुऊन परत दिलंस, पण गप्पच. तू गप्प म्हटल्यावर गाव घाबरलंय. शिव्या दिल्या असत्यास तर सगळे निर्धास्त झाले असते.

मी सांगायला नको होतं का? सत्तावन्न वर्षं तोंड आवरलं आणि म्हातारपणी सुटलं, असं झालंय का माझं? पण तू चर्चमध्ये बरी होतेस हे वाचल्यावर माझ्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता.

काही लिही. नुसतं नाव लिहून पाठवलंस तरी चालेल.

टॉर्मोड


नॉक ग्लास
२४ जानेवारी २०२२

टॉर्मोडा,

मी तुझ्यावर रागावले होते. महिनाभर रोज सकाळी उठून रागावले. आता लिहिते.

आधी चुलीचं. धुराडेवाल्याने बादलीभर काजळी काढली, झडप वाकली होती ती बदलली. त्याला दोन दिवस चूल थंड हवी होती. म्हणाला, "बाई, विस्तव बाहेर काढा." इयनची बायको माझा हात धरून उभी होती, प्रेत निघताना धरतात तसा. मी निखारे बाहेर काढले आणि अंगणात ओतले. पाऊस होताच. दुपारी बारापर्यंत सगळं विझलं. आजीच्या आजीचा विस्तव माझ्या हातून गेला. मी उंबऱ्यात उभी राहून काहीतरी होण्याची वाट बघत होते. काही झालं नाही, फक्त भूक लागली.

चार दिवसांत डोकं दुखायचं थांबलं. म्हणजे चर्चमध्ये मी बरी व्हायचे ती उघड्या दारांमुळे. पाद्रीबाबांना अजून सांगितलेलं नाही. बिचाऱ्यांनी दोन प्रवचनांत मला वापरलंय.

आता तुझ्या पत्राचं. तुला वाटलं, झडप मी लावली हे कळलं तर मी मोडून पडेन. अरे वेड्या, झडपेचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मी दुसऱ्याच गोष्टीने मोडले होते.

आई विस्तव निजवताना पुटपुटायची, ते तुला ठाऊक नसेल. तुम्ही दोघं झोपलेले असायचात. राखेचे तीन भाग करायचे, प्रत्येकावर देवाचं एकेक नाव, आणि मग घरातल्या माणसांची नावं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. ज्याचं नाव घेतलं तो सकाळी उठतो. हळू म्हणायचं, कारण चर्चच्या मंडळींना असलं जुनं खपत नाही. आईने मला ते बाराव्या वर्षी शिकवलं आणि त्या शनिवारी पहिल्यांदा माझ्यावर सोपवलं.

मी म्हटलं नाही, टॉर्मोडा. ऐट होती म्हणतोस, ती दिवसा होती. रात्री पाय गारठले होते. आई मला न घेता गेली म्हणून मी फुरंगटले होते. राख ओढली, झडप लावली आणि पळाले वर. मनात म्हटलं, एक रात्र नाही म्हटलं तर काय होतंय. आणि ज्या रात्री मी ते म्हटलं नाही, त्याच सकाळी शेवटच्या नावाची पोर उठली नाही.

आईला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. त्यानंतर मी एकही रात्र चुकवली नाही. ताप असो, बर्फ असो, आईचं प्रेत घरात असो. तुझं नाव घेतलं, इशबेल झाली तेव्हापासून तिचं घेतलं, तिच्या मुलांचंही घेतलं. सदुसष्ट साली फिन्ले तिकीट घेऊन या स्वयंपाकघरात उभा होता. त्याला काय सांगणार होते? या चुलीवर मी एकदा माणसं राखायला विसरले, आता हिला सोडून येता येत नाही, असं? मी म्हटलं, मला थंडी सोसत नाही. कॅनडाची थंडी! तो बर्फासारखा झाला, टोपी घातली आणि गेला. गावाने म्हटलं, नाकाने कांदे सोलते. तूही म्हणालास.

तुला चौसष्टमध्ये कळलं होतं. फिन्लेचं तिकीट सदुसष्टचं होतं. महिनाभर मी याच्यावर रागावले होते. तू मला वाचवायला गप्प बसलास, मी लाजेने गप्प बसले, आणि आपण दोघांनी इतकी वर्षं बिस्किटांबद्दल आणि हवेबद्दल पत्रं लिहिली.

पण तूही तेव्हा सतरा वर्षांचा होतास, तोंडात टोपी कोंबून. हे मला काल सुचलं आणि राग गेला. आणि हाक मारली नाहीस म्हणतोस, तर आठ वर्षांचं पोर ओकत ओकत दार उघडतं, हेच खूप झालं. ते दार उघडलं नसतंस तर दोघं गेला असतात. वर होते म्हणून मीही किती वाचले असते कोण जाणे. ते तुझ्या वाट्याचं सोडून दे. मी सांगते म्हणून सोडून दे.

इतके दिवस इयनच्या विजेच्या शेगडीवर काढले, आणि परवा शनिवारी चूल पुन्हा पेटवली. इयनकडून काडेपेटी आणावी लागली, आपल्या घरात ती कधी नव्हतीच. शिकवलंय तशी झडप अर्धी उघडी ठेवली. तुझी बशी फळीवर आहे, तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी राख ओढायला बसले, आणि मुद्दामच काही म्हटलं नाही. देवाचं नाव नाही, तुझं नाही, कुणाचंच नाही. तोंड घट्ट मिटून घेतलं, वर गेले आणि पांघरुणात पडून राहिले. सहासष्ट वर्षांनी असं केलं रे. झोप फार उशिरा लागली.

सकाळी जाग आली. माझ्या फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लगेच इयनकडे जाऊन त्याच्याकरवी तुला फोन लावला. तू झोपेत "कोण? कोण?" म्हणालास आणि मी काही न बोलता ठेवून दिला. ती मीच होते. तू उठला आहेस, एवढंच बघायचं होतं. मग घरी आले, चहा टाकला, आणि शोनागसाठी रडले. आजवर रडले ती माझ्या चुकीसाठी. काल पहिल्यांदा नुसती तिच्यासाठी रडले.

मर्डिना